देताना हात का अडखळतो

रविवारच्या उपासनेत अर्पणाची थैली फिरते तेव्हा माझा हात कधी अडखळत नाही. पाकीट घरूनच भरून आणलेलं असतं, बाजाच्या पेटीवर गीत चालू असतं, शेजारी ओळखीचं माणूस असतं. थैली आली, पाकीट टाकलं, पुढे सरकवली. कापणीच्या सणाला तर आमच्या मंडळीत चढाओढच लागते. कुणी शेतातला भोपळा आणतं, कुणी घरच्या कोंबड्यांची अंडी, कुणी लोणच्याची बरणी. उपासना झाली की चर्चच्या पटांगणात लिलाव होतो. मंडईत चाळीस रुपयांना मिळणारा भोपळा पाचशेला जातो, आणि घेणारा तोच भोपळा पुन्हा लिलावात ठेवतो. हाताला पैसा सुटत नाही असं ज्यांच्याबद्दल म्हणावं, अशी माणसं आमच्यात फार नाहीत.

हीच माणसं, आणि त्यांच्यात मीही, स्टेशनकडे चालत निघतो. एखादी बाई आडवी येते. कडेवर पोर, हातात दवाखान्याची चिठ्ठी. लगेच सगळ्यांची पावलं भरभर पडायला लागतात. कुणी मोबाइल काढतं, कुणी "पुढे जा, बाई" म्हणतं. आमच्यातल्या भाविकांची एक आणखी तऱ्हा आहे, "तुमच्यासाठी प्रार्थना करते हं" असं म्हणून निघून जाण्याची. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात याच गोष्टीवर बोट ठेवलं आहे. भाऊ किंवा बहीण उघडी आहे, दिवसाचं अन्न नाही, आणि तुम्ही म्हणता की सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर जेवा, पण देत काहीच नाही. मग त्या बोलण्याचा उपयोग काय? हे वचन आम्ही शब्बाथशाळेत, म्हणजे रविवारच्या बायबलच्या वर्गात, तोंडपाठ केलेलं आहे.

मी आयुष्यभर एका सहकारी बँकेत कॅशवर बसले. काचेच्या अलीकडून माणसाचं पैशाशी नातं कसं असतं ते पुष्कळ दिसतं, आणि त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. वीस रुपये कुणाला जड नसतात. जड असते ती पुढची कटकट. आज दिलं की उद्या पुन्हा येईल, नाव विचारलं की घरचं सगळं सांगत बसेल, ऐकलं की आपल्याला काहीतरी करावं लागेल. म्हणून माणूस आधीच अंतर ठेवून चालतो. कुणी उघड बोलत नाही, पण त्यात किळसही असते. जखमेचा वास असतो, न धुतलेल्या केसांचा वास असतो, आणि तो वास नाकात गेला की सगळी वचनं क्षणभर मागे पडतात.

आमच्या महिला मंडळातल्या काही जणी दर गुरुवारी संध्याकाळी पुण्याच्या ससून रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी जेवण घेऊन जातो. रुग्णाला वर वॉर्डात खाट मिळते. बरोबर आलेली माणसं मात्र खाली असतात, झाडाच्या पारावर, भिंतीच्या कडेला, सतरंजी नाहीतर खताच्या पोत्यावर. सोलापूर, लातूर, बीड, अहिल्यानगर, कुठून कुठून आलेली. या रुग्णालयाला नाव आहे डेव्हिड ससून यांचं. ते बगदादहून आलेले ज्यू व्यापारी. त्यांच्या देणगीतून ते उभं राहिलं आणि १८६७ साली सुरू झालं. ते स्वतः १८६४ सालीच पुण्यात वारले होते. कॅम्पातल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात त्यांची कबर आहे. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयाला बैरामजी जीजीभाय या पारशी गृहस्थाचं नाव आहे. तिथे उभं राहून जेवण वाटताना मला हे आठवतं, कारण येशूने शेजारी कोण हे सांगताना जी गोष्ट सांगितली, तिच्यातही मदत करणारा परका होता.

एका गुरुवारी संध्याकाळी मी रिक्षा थांबवून ठेवली होती. घरी पाहुणे यायचे होते. खिचडीचा शेवटचा डबा एका माणसाला दिला. पन्नाशीचा असेल, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, टाचांना भेगा. त्याने डबा घेतला, न उघडता बाजूला ठेवला आणि बंडीच्या खिशातून एक कागद काढला. घड्या घालून घालून कागदाच्या कडा कापसासारख्या झाल्या होत्या.

"ताई, एवढं वाचून सांगता का? सकाळपासून तिघांनी सांगितलं, पर ध्यानात राहीना."

फाटकाबाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "चष्मा आणला नाही" असं मी सहज म्हणू शकले असते, आणि चष्मा तर गळ्यात दोरीला लटकत होता. मी बाहेर गेले, रिक्षावाल्याचे पैसे दिले, त्याला जायला सांगितलं आणि परत येऊन त्या माणसाशेजारी पारावर बसले. त्या अख्ख्या संध्याकाळीत अवघड असं एवढंच होतं. पुढचं एकातून एक होत गेलं.

तो बीड जिल्ह्यातला ऊसतोड कामगार. मुलगा उसाच्या ट्रॉलीवरून पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन करून प्लेट बसवायची होती. कागदावर शासकीय योजनेसाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी होती. आधार कार्ड त्याच्याकडे होतं. रेशन कार्ड गावाकडे, पत्र्याच्या पेटीत. घराला कुलूप, आणि चावी त्याच्या करदोट्याला. ती त्याने मला दाखवली. कार्ड आणायला गावी जावं तर पोराजवळ कोण, आणि इथे थांबावं तर कार्ड कसं यायचं, या पेचात तो दिवसभर बसून होता.

"गावात भाऊबंद कुणी?"

"मेव्हणा हाय."

"त्याला कुलूप तोडायला सांगायचं का?"

तो चावीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तोडा म्हणावं. नवं घेऊ."

त्याच्या फोनमध्ये बॅलन्स नव्हता, मी माझ्या फोनवरून लावला. तासाभरात मेव्हण्याने कार्डाचे फोटो पाठवले, पुढचं पान, मागचं पान, एक हललेला, म्हणून पुन्हा एक. समोरच्या दुकानातून प्रिंट काढल्या. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, कागदपत्रांचं आणि योजनेचं तेच बघतात. त्यांचं कार्यालय तेव्हा बंद झालेलं होतं. आमच्यातल्या एक निवृत्त परिचारिका आहेत, त्यांना आम्ही सगळ्या सिस्टर म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या त्याला तिथे घेऊन गेल्या. मुलाचं ऑपरेशन झालं.

मला यातलं जे सांगायचं आहे ते असं. पारावर बसेपर्यंत माझ्या मनात त्या माणसाबद्दल कळवळा नव्हता. कंटाळा होता, घाई होती. कळवळा आला तो बसल्यावर, त्या चावीकडे बघताना. आपण उलट समजून बसतो. आधी मनाला पाझर फुटेल, मग हात पुढे होईल, अशी वाट बघतो, आणि पाझर लांबून फुटत नाही. शेजाऱ्याची ती गोष्ट, लूकच्या शुभवर्तमानातली उत्तम शोमरोन्याची (शोमरोनी म्हणजे यहुद्यांनी परका मानलेला माणूस), या नजरेने वाचून बघा. यरुशलेमहून यरीहोकडे उतरणारी वाट. यरुशलेम डोंगरावर, यरीहो समुद्रसपाटीच्याही खाली, त्यामुळे सगळा उतार आणि निर्जन रान. लुटारूंनी मारझोड करून अर्धमेला टाकलेला माणूस पडलाय. याजकाने त्याला पाहिलं आणि तो दुसऱ्या बाजूने गेला. लेव्याने, म्हणजे मंदिरातल्या सेवकाने, पाहिलं, तोही दुसऱ्या बाजूने गेला. दिसलं तिघांनाही. शोमरोनी मात्र तो पडला होता तिथे आला, आणि त्याला कळवळा आला तो तिथे.

आणि तो पुढे काय करतो ते मला कॅशवर बसलेल्या बाईला फार जवळचं वाटतं. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर सांभाळ करतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो. एक दीनार म्हणजे तेव्हाच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे दोन दिवसांचा रोजगार दिला, आणि सांगितलं की याहून जास्त खर्च झाला तर परत येताना देईन. मग तो आपल्या कामाला निघून गेला. जखमी माणसाला तो घरी घेऊन गेला नाही, आपला व्यापार-उदीम सोडून त्याच्या उशाशी महिनाभर बसला नाही. त्याने एक सोय लावली, पैसे मोजून दिले, दुसऱ्या माणसाला कामाला लावलं आणि परत येऊन हिशेब पुरा करायचा शब्द दिला. "एकदा मदत केली की गळ्यातच पडतात" म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी ही ओळ दाखवते. अडकून पडण्याच्या भीतीला तिच्यात उत्तर आहे.

पहिल्या ख्रिस्ती मंडळीनेही असंच केलं. विधवांना रोजचं अन्न वाटताना ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर सुरू झाली, तेव्हा प्रेषितांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली आणि त्यांना त्या कामावर नेमलं. आपल्याला वचनाचं काम सोडता येत नाही, म्हणून वाटपाची जबाबदारी कुणावर तरी नेमून दिली पाहिजे, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. म्हणून आमच्या गुरुवारच्या कामाची एक वही आहे. माणसाचं गाव, वॉर्ड, काय हवं, कोण बघणार, झालं का. ती मी ठेवते. सुरुवातीला काही जणींना ते कोरडं वाटलं. पण मन एक दिवस ओलं असतं आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे येतात. वहीत नाव असलं की कुणीतरी त्या वॉर्डात जातंच.

फसवणुकीचं काय, हा प्रश्न मला हमखास विचारतात. फसवणूक होते. स्टेशनजवळ एक गृहस्थ असतो, स्वच्छ सदरा, हातात पिशवी. पाकीट मारलं गेलं, सोलापूरला जायचंय, एवढं तिकिटाचं बघा. तिकीट काढून देते म्हटलं तर नको म्हणतो. मग मी त्याला पोहे आणि चहा देते. तो उभ्या उभ्या खातो, घाईघाईने, बशीला चिकटलेले शेवटचे दाणेही बोटाने टिपतो. त्याचं सोलापूर खोटं आहे. त्याची भूक मला खोटी वाटली नाही. अगदी सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती शिकवणुकीच्या एका पुस्तकात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्या आहेत. मागेल त्याला दे, आणि कुणाला देतोयस हे कळेपर्यंत तुझं दान तुझ्या हातात घामेजू दे. मला या दोन्ही एकदम खऱ्या वाटतात. अन्न, पाणी, औषधाची एखादी पट्टी, यासाठी चौकशी करत बसू नये. मोठी रक्कम असेल तर वॉर्डात जावं, केसपेपर बघावा, औषध स्वतः आणून द्यावं. पण शंका आली म्हणून हात मागे घेऊन घरी जायचं, आणि त्यालाच सावधपणा म्हणायचं, हे मला पटत नाही.

आम्हा ख्रिस्ती लोकांचा हात आणखी एका कारणाने अडखळतो. माझ्या भाचीने पहिल्यांदा बरोबर येताना विचारलं होतं, "मावशी, लोक म्हणतील ना, धर्म वाढवायला आल्या म्हणून?" म्हणतात. एकदा एका तरुणाने डबा परत केला आणि विचारलं, "याच्या बदल्यात काय करायचं?" त्याच्यावर मला राग आला नाही. ज्याला आयुष्यात कुणी फुकट काही दिलेलं नाही त्याने हे विचारणं साहजिक आहे. मी म्हटलं, "काही नाही. गरम आहे तोवर खा." आमचा नियम कडक आहे. जेवणाबरोबर पुस्तिका द्यायची नाही. स्वतःहून कुणाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची नाही. कुणी आपणहून मागितली तरच. कोण कुठल्या देवाचं नाव घेतो ते वहीत लिहायला रकानाच नाही. यावर आमच्याच मंडळीत वाद झाला. एक ज्येष्ठ म्हणाले, मग आपल्यात आणि इतर संस्थांत फरक काय? पाळकसाहेबांनी तेव्हा दहा कुष्ठरोग्यांचा उतारा वाचला. येशूने दहा जणांना बरं केलं. आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी. येशूने "बाकीचे नऊ कुठे आहेत?" असं विचारलं, पण त्या नऊ जणांचं बरेपण काढून घेतलं नाही. त्यानंतर तो वाद पुन्हा निघाला नाही.

तो ऊसतोडवाला माणूस डिस्चार्ज घेऊन गेला ते आम्हाला न सांगता. नंबर काही दिवस लागला, मग लागेनासा झाला. सिस्टरना थोडं वाईट वाटलं. मला वाटतं, हंगाम चालू होता, मुकादमाची उचल अंगावर होती, तो तडक फडावर गेला असेल.

माझ्या आईला कुणी मूळ गाव विचारलं की ती केडगाव सांगायची. खरं तर ते आमचं मूळ गाव नव्हे. आईची आजी मध्य प्रांतातली, दुष्काळात आईबाप गेलेली, गावाचं नावही सांगता न येणारी पोर. पंडिता रमाबाई १८९६–९७च्या दुष्काळात तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या, त्यांतली ती एक. रमाबाईंचं शारदा सदन तेव्हा पुण्यात होतं. १८९७ साली पुण्यात प्लेग. इतक्या मुली शहरात ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या माळावर, दौंडच्या रेल्वेमार्गावर, आधी घेऊन ठेवलेल्या जमिनीत झोपड्या आणि तंबू उभारून त्यांनी त्या मुलींना तिथे नेलं. तेच मुक्ती मिशन. पुढे तिथे विणकाम, छापखाना, दूधदुभतं, सगळं त्या मुलींनीच चालवलं. रमाबाईंकडे तेव्हा शिलकीचा पैसा नव्हता. पण त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळातच उपासमारीने गेले होते, भूक काय असते ते त्या अंगाने ओळखत होत्या.

त्यांच्या आयुष्यातली आणखी एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचते. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या सिस्टर्सनी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींनी, ज्यांच्याशी त्यांची ओळख पुण्यातच झाली होती, त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं एक घर दाखवायला पाठवलं. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथे मायेने सांभाळत. रमाबाईंना आश्चर्य वाटलं. या बायकांची काळजी तुम्हाला का वाटते, असं त्यांनी विचारलं. तेव्हा सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची शोमरोनी बाई आणि येशू यांची गोष्ट वाचून दाखवली. उत्तर म्हणून एवढंच. रमाबाई नंतर स्वतः कृपा सदन चालवू लागल्या, अशाच बायकांसाठी.

पणजीबद्दल आईने सांगितलेलं एकच चित्र मला ठाऊक आहे. केडगावला आल्यावर बरेच दिवस ती भाकरीचा अर्धा तुकडा कमरेला बांधून झोपायची. आता मी ज्या घरात राहते, ज्या बँकेत नोकरी केली, माझी मुलं जे शिकली, ते सगळं त्या माळावर कुणीतरी तिला घेऊन आलं त्याच्या पुढचं आहे. त्यामुळे पारावरच्या माणसाला मी काही मोठं देते आहे असं मला मुळीच वाटत नाही.

एक उपयोगाची माहिती, कारण ती पुष्कळांना नसते आणि पैशापेक्षा मोलाची ठरते. आपल्याकडच्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ४१ कक आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना, हा त्याचा आधार. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड लागतं. पुण्यात अशी रुग्णालयं पुष्कळ आहेत, धर्मादाय सहआयुक्तांचं कार्यालयही इथेच आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला एखाद्या मोठ्या रुग्णालयात दाखल केलं असेल, तर हजार रुपये हातावर ठेवाच, पण त्याबरोबर तिथल्या समाजसेवकाच्या टेबलापर्यंत त्यांच्यासोबत चालत जा. त्या एकट्या गेल्या तर बऱ्याचदा फाटकावरूनच परत येतात. शेजारी कागद वाचता येणारं कुणी असलं की बोलणं पुढे सरकतं.

हे वाचून दोघी-तिघींनी तरी गुरुवारी यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. ख्रिस्ती असण्याची अट नाही, आमच्यात आत्ताच एक जोशीकाकू आणि एक शेखभाभी आहेत. स्वयंपाकाला माणसं पुरेशी आहेत. कमी पडतात ती बसून ऐकणारी आणि फॉर्म भरणारी. वाचायचा चष्मा आणा, चालणारं पेन आणा, फोनचा चार्जर आणा, कारण तिथे प्रत्येकाचा फोन मेलेला असतो. पहिल्या दिवशी नुसतं सिस्टरच्या मागे फिरलात तरी चालेल. कार्यालयं लवकर बंद होतात आणि झेरॉक्सचं दुकानही फार उशिरापर्यंत उघडं नसतं, म्हणून साडेचारपर्यंत पोहोचलेलं बरं.